मानसिक आरोग्य टीम : कोणाचं काम नेमकं कुठे संपतं?

अर्धविराम

मानसिक आरोग्याच्या टीममध्ये कोण कोण असतं याची यादी कुठेही मिळेल. मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, नर्स, सोशल वर्कर, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं करता यावीत म्हणून मदत करणारे, पुढे नुसतं ओटी), फार्मासिस्ट, जमलं तर आहारतज्ज्ञ आणि स्वतः आजारातून गेलेला, प्रशिक्षण घेतलेला सहकारी. यादी पाठ असूनही घोडं अडतं ते दोन कामांच्या हद्दीवर.

नेहमीचं उदाहरण घ्या. स्किझोफ्रेनियाच्या शुभार्थीची, म्हणजे रुग्णाची, गोळी मंगळवारी बदलली. घरच्यांना कोणी सांगायचं? डॉक्टरांना वाटतं सिस्टर सांगतील. सिस्टरना वाटतं, कुटुंबाशी बोलणं सोशल वर्करकडे आहे. सोशल वर्करला गोळी बदलल्याचं कळतं गुरुवारच्या मीटिंगमध्ये. तोवर घरी जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या सुरू असतात. तिघांपैकी कामचुकार कोणीच नाही.

माझं मत असं की प्रत्येक शुभार्थीमागे एकाच माणसाचं नाव समन्वयक म्हणून लिहिलेलं हवं, आणि तो माणूस डॉक्टरच असावा असं मुळीच नाही.

प्रश्न दोन आहेत. समन्वयक कोण हे कशावरून ठरवायचं? आणि कोणती कामं टीममधल्या कोणीही केली तर चालतात, कोणती एकानेच करायची?

कडूजहर

वाखूसा (वाचनखूण साठवली). चला, आता भांडा. :)

गुंतावळ

दुसरा प्रश्न आधी घेतो, तो त्यातल्या त्यात सोपा.

औषध लिहिणं, शारीरिक कारण वगळणं आणि ईसीटीचा (विजेच्या उपचारांचा) निर्णय ही कामं मनोविकारतज्ज्ञाची. यातलं मधलं काम इतरांच्याच काय, कधीकधी त्यांच्याही लक्षातून निसटतं. वयस्कर माणसाला दोन दिवसांत अचानक भास सुरू झाले, तेही डोळ्यांना दिसणारे, सकाळी बरा आणि रात्री गोंधळलेला, तर आधी डेलिरियम (शारीरिक कारणाने अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ) समजून तपासायचं. जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम उतरणं, नव्याने सुरू झालेलं एखादं औषध, अचानक सोडलेली दारू. अशी केस आधी समुपदेशनाच्या रांगेत लावली तर माणूस जिवाला मुकू शकतो.

प्रमाणित चाचण्या सायकॉलॉजिस्टने घ्यायच्या, आणि कधी घ्यायच्या हेही त्यांनीच ठरवायचं. 'उद्या डिस्चार्ज आहे, तेवढा आयक्यू करून टाका' ही फर्माईश बंद झाली पाहिजे. तीव्र अवस्थेत, झोपेच्या गोळीच्या अमलात किंवा ईसीटीचा कोर्स चालू असताना घेतलेल्या चाचणीत गुंगी मोजली जाते. तो आकडा मग फाइलमध्ये चिकटतो आणि पाच वर्षांनी कोणीतरी तोच बुद्ध्यांक म्हणून पुढच्या कागदावर उतरवून घेतं.

कोणीही करावीत अशी कामं म्हणजे आत्महत्येबद्दल थेट विचारणं, आजाराची प्राथमिक माहिती देणं, औषध नियमित चालू आहे का हे पाहणं. आत्महत्येचा प्रश्न 'डॉक्टर विचारतील' म्हणून कोणी सोडून देत असेल तर ती टीम म्हणायची कशाला?

रातपाळी

गुंतावळ, यादीत नर्स एकदाही आली नाही हे लक्षात आलं का? :)

डॉक्टर शुभार्थीला दिवसात पंधरा-वीस मिनिटं बघतात, थेरपिस्ट आठवड्याला पन्नास मिनिटं. उरलेला सगळा वेळ वॉर्डात नर्सच असते. म्हणून निरीक्षण हे तिचं मूळ काम, आणि ते कोणत्या शब्दांत लिहिलं जातं त्यावर पुढचे उपचार हलतात.

अकाथिसियाचं उदाहरण घ्या. अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरचं औषध) सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत माणसाला एका जागी बसवत नाही. येरझारा, उभ्या उभ्या पाय बदलणं, आतून होणारी तगमग. नोंदीत 'रुग्ण अस्वस्थ' असे दोनच शब्द आले, तर डॉक्टर आजार वाढला असं समजून डोस आणखी वाढवतात आणि येरझाराही वाढतात. त्याऐवजी 'डोस वाढवल्यापासून तिसरा दिवस, दहा मिनिटंही बसू शकत नाही, पाय सतत हलतात, विचार पूर्वीसारखेच, कानात येणारे आवाज वाढलेले नाहीत' असं लिहिलं तर डोस कमी होतो किंवा ही तगमग कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल सुरू होतं. वॉर्ड तोच, माणूस तोच, उपचार मात्र उलट.

दुसरं, गोळी दिली म्हणजे घेतली असं नव्हे. गालात धरून ठेवलेली गोळी ओळखायला पाणी प्यायला लावून दोन शब्द बोलायचं आणि नंतर थोडा वेळ शुभार्थी नजरेसमोर राहील असं बघायचं. 'औषधाचा गुण येत नाही' असा निष्कर्ष काढण्याआधी हा प्रश्न सिस्टरला विचारा.

तिसरं, जिवाला जपायचं निरीक्षण. दर पंधरा मिनिटांनी बघायचं ठरलं आणि घड्याळ लावल्यासारखं त्याच ठोक्याला बघितलं, तर मधली चौदा मिनिटं मोकळी आहेत हे शुभार्थीलाही कळतं. म्हणून वेळा मागेपुढे ठेवायच्या. एकास एक असेल तर तासा-दोन तासांनी माणूस बदलायचा, कारण त्यानंतर डोळे उघडे असले तरी लक्ष राहत नाही. आणि नुसतं टक लावून बसायचं नाही, बोलायचं.

तिसरा_पेच

रातपाळी +१. अकाथिसियाचा परिच्छेद छापून प्रत्येक नर्सिंग स्टेशनवर लावावा.

धागालेखकाच्या मूळ मुद्द्याला मात्र विरोध. समन्वयक कोणीही असेल, पण काही बिनसलं तर सही कोणाची बघतात? डॉक्टरची. अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे अशी रचना टिकत नाही.

अर्धविराम

तिसरा_पेच, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. औषधाच्या निर्णयाची जबाबदारी डॉक्टरचीच, ती कोणी मागत नाही. समन्वयकाचं काम म्हणजे ठरलेलं झालं की नाही हे बघणं. सोडियमची तपासणी सांगितली होती, ती झाली का, रिपोर्ट कोणी वाचला, घरी कोणी कळवलं. यासाठी एमडी लागत नाही. चिकाटी लागते आणि फोन लागतो.

तिसरा_पेच

फोन उचलणारेही लागतात.

ओसरी

समन्वयाची कल्पना नवी नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन इथे १९७०च्या दशकात लेनर्ड स्टाइन, मेरी अ‍ॅन टेस्ट आणि अर्नोल्ड मार्क्स यांनी वॉर्डातली टीमच वस्तीत नेली. तीच पुढे असर्टिव्ह कम्युनिटी ट्रीटमेंट झाली. प्रमाण ढोबळमानाने एका कर्मचाऱ्यामागे दहा शुभार्थी, रोज छोटी मीटिंग, आणि शुभार्थी कोणा एकाचा नव्हे, सबंध टीमचा. म्हणजे अर्धविराम म्हणतात त्याच्या बरोबर उलट.

यात खुबी अशी की कोणी आजारी पडलं किंवा नोकरी सोडून गेलं तरी शुभार्थीला ओळखणारे आणखी चार जण असतात. तोटा असा की रोजची मीटिंग बुडाली की सगळं कोसळतं, कारण माहिती कोणा एकाकडे साठलेलीच नसते. जिथे रोज पंधरा मिनिटं सगळे एकत्र येऊ शकत नाहीत तिथे ही पद्धत आणू नये. तिथे नाव लिहिलेला समन्वयकच बरा.

कडूजहर

म्हणजे सगळ्यांचं काम ते कोणाचंच नाही, फक्त इंग्रजी नावासकट. हलके घ्या.

बरं, ओटीबद्दल कोणीच बोललं नाही. ते टोपल्या विणून घेतात एवढंच ठाऊक आहे.

सुतळी

कडूजहर, टोपली विणून घेतात हे खरं. पण टोपलीशी ओटीला काही घेणंदेणं नसतं. सूचना किती शब्दांची झाली की माणूस गोंधळतो, एका जागी किती वेळ बसू शकतो, चूक झाल्यावर उसवून पुन्हा करतो की टाकून देतो, मदत मागतो का, हे त्यात दिसतं. मुलाखतीत 'मी स्वयंपाक करतो' म्हणणारा माणूस प्रत्यक्ष ओट्यापाशी उभा केला की गॅस चालू ठेवून निघून जातो. ही माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते.

पद्धत सांगते. आधी कामाचं विश्लेषण. आंघोळ हे एक काम नाही, त्यात पंधरा-वीस पायऱ्या आहेत. उठणं, कपडे निवडणं, पाण्याचा अंदाज घेणं, साबण लावण्याचा क्रम, पुसणं वगैरे. कुठे गाडं अडतं ते शोधायचं. सुरुवातच होत नसेल तर तो बहुधा प्रेरणेचा प्रश्न. मधेच क्रम चुकत असेल तर आकलनाचा. शेवट होत नसेल, तासभर पाणीच ओतत असेल, तर वेगळाच, तिथे ओसीडीचा (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचा) विचार करायचा. तिघांनाही घरचे 'आळशी' म्हणतात. तिघांवरचे उपाय वेगळे. पहिल्याला ठरलेली वेळ आणि सोबत, दुसऱ्याला भिंतीवर चित्रांचा क्रम, तिसऱ्याला सायकॉलॉजिस्ट.

बिघडतं कुठे? ओटीला 'वेळ घालवणारी बाई' समजून डिस्चार्जच्या आदल्या दिवशी बोलावतात. माणूस घरी एकटा राहू शकेल का याचं उत्तर दाखल झाल्यापासून आठवड्याभरात मिळायला हवं. तरच उरलेल्या दिवसांत काही शिकवता येतं.

कडूजहर

शब्द मागे घेतो. टोपलीसकट.

पाचवी_ओळ

सुतळीताईंनी ओसीडीचा विषय काढलाच आहे तर एक मुद्दा. टीममधल्या एकाचं चांगलं काम दुसऱ्याच्या चांगुलपणाने कसं बुडतं ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

ओसीडीवर एक्स्पोझर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन (ईआरपी) चालू आहे. शुभार्थीने कडीला हात लावायचा, हात धुवायचे नाहीत, भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचं. थेरपीच्या खोलीत हे जमतं. वॉर्डात आल्यावर तो सिस्टरला विचारतो, "काही होणार नाही ना?" सिस्टर मायेने म्हणते, "अहो काही नाही होत." हे आश्वासन म्हणजे विधीच, फक्त हात धुण्याऐवजी तोंडी. दिवसातून वीस वेळा मिळालं की तासाभराच्या सत्रावर पाणी. पण यात सिस्टरची चूक काय? तिला कोणी सांगितलेलंच नसतं. सायकॉलॉजिस्टने केस नोटमध्ये 'ईआरपी चालू' एवढं लिहून हात झटकायचे नाहीत. वॉर्डात नेमकं कोणतं वाक्य बोलायचं ते लिहून द्यायचं. "हा प्रश्न ओसीडीचा आहे, मी उत्तर देणार नाही, पण तुमच्याजवळ बसते." घरच्यांनाही तेच वाक्य द्यायचं.

तसंच पॅनिकचं, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांचं. थेरपिस्ट गर्दीत उभं राहायला शिकवतोय आणि चिठ्ठीवर 'गरज वाटल्यास अल्प्राझोलाम' (भीती लगेच शमवणारी गोळी) आहे. शुभार्थी गोळी खिशात ठेवून गर्दीत जातो आणि परत येऊन म्हणतो, गोळी होती म्हणून निभावलं. गोळी घेतलीही नसते, तरी श्रेय तिलाच. एक्स्पोझर सुरू करण्याआधी डॉक्टर आणि थेरपिस्ट यांनी पाच मिनिटं बोलून ही 'गरज वाटल्यास' गोळी ठेवायची की नाही ते ठरवायचं. रोज नियमित घेणारा असेल तर एकदम बंद करायची नाही, झटके येऊ शकतात, हळूहळू उतरवायची. तो वेग मात्र डॉक्टरच ठरवणार.

तिसरा_पेच

पाचवी_ओळ, मान्य. पण ती पाच मिनिटं थेरपिस्टनेही मागावीत. चिठ्ठीवर नाराज होऊन ते शुभार्थीलाच सांगतात, 'गोळ्या कमी करायला सांगा डॉक्टरांना'. मग बिचारा निरोप्या होतो. काही वेळा निरोपाची वाट न बघता तोच गोळ्या बंद करतो, आणि त्यात लिथियम (मूड स्थिर ठेवणारं) किंवा क्लोझापिनही (इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचं) जातं.

मात्रा

क्लोझापिनचं नाव निघालंच. टीम नसेल तर हे औषध सुरूच करू नये असं माझं ठाम मत आहे, कारण त्याच्या देखरेखीचे तुकडे प्रत्येकाच्या टेबलावर पडलेले असतात.

पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात, म्हणून रक्ततपासणी. वेळापत्रक देशागणिक वेगळं, पण रूढ पद्धतीत सुरुवातीला दर आठवड्याला (ब्रिटनमध्ये पहिले १८ आठवडे), मग पंधरवड्याला, वर्षभरानंतर महिन्याला. पहिल्या महिना-दोन महिन्यांत ताप, छातीत दुखणं किंवा नाडी जोरात चालणं दिसलं तर हृदयाच्या स्नायूचा दाह वगळायचा. हे सिस्टरने टिपायचं. बद्धकोष्ठता हा विनोदाचा विषय नाही. आतडं बंद पडून माणसं दगावतात, म्हणून शौचाची नोंद रोज.

आणि सगळ्यात जास्त निसटणारी गोष्ट, ४८ तासांचा नियम. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पूर्वीचा पूर्ण डोस थेट द्यायचा नाही. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढत जायचं, नाहीतर रक्तदाब धाडकन उतरतो. ही गोष्ट फार्मासिस्टला माहीत असते, पण चार दिवस गोळी घेतली नाही हे माहीत असतं घरभेटीला गेलेल्या सोशल वर्करला. तिला नियम माहीत नाही, याला खंड माहीत नाही.

धूम्रपानाचंही तसंच. तंबाखूच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत क्लोझापिन लवकर निकालात काढतं. हे निकोटिनमुळे होत नाही, त्यामुळे पॅच लावून फरक पडत नाही. रोज वीस ओढणारा माणूस धूम्रपानबंदीच्या वॉर्डात आला की आठवड्याभरात औषधाची रक्तातली पातळी दीडपट किंवा त्याहून वर जाऊ शकते. गुंगी, लाळ, झटके. उलट वॉर्डात डोस बसवून घरी सोडला आणि तो पुन्हा ओढायला लागला की पातळी कोसळते आणि सगळे म्हणतात, 'घरी गेल्यावर बिघडला, घरचं वातावरण वाईट'. म्हणून दाखल होताना 'किती ओढता' आणि डिस्चार्जला 'घरी गेल्यावर ओढणार का' हे दोन्ही प्रश्न फार्मासिस्टच्या नोंदीत हवेत. प्रामाणिक उत्तर बहुधा डॉक्टरला मिळत नाही. झाडूवाल्या मामांना मिळतं. त्यांनाही विचारा.

सुतळी

झाडूवाले मामा +१००. टीमच्या यादीत त्यांचं नाव कधीच नसतं.

ओसरी

मात्रा, लिथियमचंही दोन ओळींत सांगा ना. तिथेही हीच गत असते.

मात्रा

रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी काढायचं. सकाळची गोळी घेऊन आलेल्याचं रक्त काढलं तर आकडा फुगलेला येतो आणि डोस उगाच कमी होतो. म्हणून 'गोळी न घेता या' हे चिठ्ठीवर लिहा. पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर, तीव्र मेनियात (उन्मादात) १ पर्यंत. डोस बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी पुन्हा. मूत्रपिंड आणि थायरॉईड सहा महिन्यांनी. गुडघेदुखीला कोणीतरी दिलेलं आयब्युप्रोफेन, रक्तदाबाची थायाझाइड गोळी, जुलाब-उलट्या, या तिन्हींनी पातळी चढते. हात थरथरणं आधीपासून असेलच, पण चाल झोकांडायला लागली, बोलणं जड झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी तपासणी. एवढं घरच्यांना कोण सांगणार? कागदावर नाव लिहा.

उंबरठा

शुभंकरांच्या, म्हणजे काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या, बाजूने एक प्रश्न. टीममधल्या एकाला सांगितलेलं सगळ्यांना कळतं का? थेरपिस्टसमोर बोललेलं डॉक्टर वाचतात, असं समजल्यावर बरेच शुभार्थी बोलणंच थांबवतात.

पाचवी_ओळ

उंबरठा, पहिल्याच सत्रात हे सांगून टाकायचं असतं. माहिती टीममध्ये जाते, टीमबाहेर परवानगीशिवाय जात नाही. शुभार्थीच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, लहान मुलाला इजा होत असेल, तर गुप्तता पाळता येत नाही. पण टीममध्ये जातं म्हणजे सगळं जात नाही. बालपणातल्या अत्याचाराचा तपशील फार्मासिस्टला लागत नाही. नोंदीत 'आघाताचा इतिहास आहे, पुरुष कर्मचाऱ्याने एकट्याने तपासू नये' एवढं पुरतं. उपयोगाचं तेवढं सामायिक करायचं, कुतूहलाचं नाही.

उलट दिशेचा प्रवाह मात्र कायम खुला ठेवायचा. शुभार्थीने संमती दिली नसेल तर घरच्यांना त्याचं काही सांगता येत नाही, पण घरच्यांचं ऐकून घ्यायला कोणाच्याच संमतीची गरज नाही. 'आम्ही बोलू शकत नाही' म्हणून फोन ठेवून देणं हा निव्वळ आळस.

चौकट

इथे सोशल वर्करची बाजू जोडतो. लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे कागदपत्रं आणि बेवारस रुग्णाचा पत्ता शोधणं. तेही आहेच. पण मूळ काम कुटुंबाची पाहणी.

स्किझोफ्रेनियात आजार उलटण्याचा घरच्या वागणुकीशी संबंध आहे, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांच्या कामापासून दिसत आलंय. १९७६ साली क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी तेच पुन्हा दाखवलं. सतत टोचून बोलणं, वैरभाव, आणि अति काळजी, म्हणजे पंचविशीतल्या मुलाला घास भरवणं. असं घर असेल आणि त्या नातेवाइकाशी आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर संबंध येत असेल, तर आजार उलटण्याचा धोका ठळकपणे वाढलेला होता. याचा अर्थ 'आईने आजारी पाडलं' असा काढायचा नाही. तो अर्थ काढून एके काळी घरच्यांना पुरेसं छळून झालंय. अर्थ इतकाच की ते तास कमी करता येतात. दिवसा काम किंवा डे-केअर, संध्याकाळी वेगळ्या खोलीत बसण्याची सोय, आणि टोमण्यांच्या जागी नेमकी विनंती. 'दिवसभर लोळतोस' ऐवजी 'अकरापर्यंत उठून चहाचा कप विसळून ठेव'. यातलं डे-केअर सुतळीताईंकडे, वाक्यं माझ्याकडे, आणि तो लोळतोय ते औषधाच्या गुंगीने तर नाही ना, हे बघणं डॉक्टरांकडे.

रातपाळी

चौकट, शेवटचं वाक्य लाखाचं. रात्रीचा पूर्ण डोस उशिरा दिला जात असेल तर सकाळी अकरापर्यंत उठणं अवघडच. डोस आठ-नऊला घेता येतो का, एवढं विचारायला कोणी नसतं.

बिनओळखी

सहकारी-मार्गदर्शकाबद्दल (पीअर वर्कर) धाग्यात एक ओळ आली, म्हणून थोडं.

आजारातून स्वतः गेलेला माणूस टीममध्ये घेतात तेव्हा तीन प्रकारे वाया घालवतात. एक, त्याला अर्धा नर्स करतात, म्हणजे गोळी घेतली का विचारत फिरवतात. दोन, चहा आणणं आणि फाइल पोचवणं. तीन, प्रत्येक कार्यक्रमात उभं करून 'आपली कहाणी सांगा'. खरं काम वेगळं आहे. पहिल्यांदा दाखल झालेल्याला डिस्चार्जनंतर पहिल्या महिन्यात काय काय होतं हे सांगणं, आवाज येत असतानाही बाजारात कसं जाता येतं याच्या युक्त्या देणं, आणि मीटिंगमध्ये टीम शुभार्थीबद्दल तुच्छतेने बोलली तर टोकणं. हे शेवटचं एकट्याने जमत नाही, म्हणून टीममध्ये असे किमान दोघे घ्यावेत. त्यांना फाइल वाचायला आणि लिहायला मिळते की नाही हे पहिल्या दिवशीच ठरवा. त्यांचा आजार उलटला तर उपचार शक्यतो दुसऱ्या टीमकडे. सहकारी म्हणून ज्यांच्या शेजारी बसतो त्यांच्याच वॉर्डात दाखल होणं कोणालाही नको वाटेल.

गुंतावळ

सगळे मुद्दे फिरून मीटिंगपाशीच येताहेत. बहुतेक टीम-मीटिंग म्हणजे डॉक्टरांचं भाषण आणि बाकीच्यांच्या माना. काही बदल सोपे आहेत.

प्रत्येक केस एका प्रश्नाने सुरू करायची. 'आज टीमकडून काय हवंय?' हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर ती केस आज घ्यायची नाही. तासाभरात सहा, फार तर सात. बोलायची सुरुवात सगळ्यात कनिष्ठ माणसाने, डॉक्टर शेवटी. डॉक्टर आधी बोलले की नंतर कोणी वेगळं मत देत नाही. वेळ असेल तेव्हा प्रवृत्ती, ठिणगी, टिकवणारे घटक आणि आधार अशा चार रकान्यांत केस मांडायची. टिकवणाऱ्या घटकांच्या रकान्यात टीमची स्वतःची वागणूकही येऊ द्यायची. आणि शेवटी इतिवृत्तात 'कुटुंबाशी बोलावे' असं कर्म लिहिलं आणि कर्ता नाही, असं वाक्य खोडून टाकायचं. कोण, काय, कधीपर्यंत.

कडूजहर

रच्याकने (बाय द वे), 'बोलावे', 'पाहावे', 'करावे' यावर बंदी घातली तर सरकारं पडतील.

अर्धविराम

:)

मूळ प्रश्नाकडे येतो. ओसरी आणि तिसरा_पेच यांचं वाचून मत थोडं बदललंय. समन्वयक कायमचा नसावा, टप्प्यानुसार बदलावा. वॉर्डात असेपर्यंत नर्स, कारण तीच तिथे असते. घरी गेल्यावर सर्वांत मोठी अडचण जिथे असेल त्या विषयाचा माणूस. औषध टिकत नसेल तर नर्स किंवा फार्मासिस्ट, घरात ताण असेल तर सोशल वर्कर, रोजचं जगणं अडलं असेल तर ओटी. डॉक्टर समन्वयक व्हावा तो फक्त शारीरिक गुंतागुंत मोठी असेल तेव्हा.

तिसरा_पेच

हे पटण्यासारखं आहे. पण मग धोका बदलाच्या दिवशीच. डिस्चार्जनंतरचे पहिले काही दिवस आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात जोखमीचे, आणि तुम्ही नेमके तेव्हाच माणूस बदलताय.

चौकट

म्हणूनच बदल डिस्चार्जच्या दिवशी करायचा नाही. नवा समन्वयक शुभार्थी वॉर्डात असतानाच किमान एकदा समोर येऊन भेटायचा, जुन्याच्या उपस्थितीत. डिस्चार्जनंतर ७२ तासांत पहिला संपर्क, ही इंग्लंडमधली अपेक्षा कुठेही घेण्यासारखी आहे. संपर्क म्हणजे प्रत्यक्ष बोलणं. 'फोन केला, उचलला नाही' हा संपर्क नव्हे. शुक्रवारी सोडलं तर ७२ तास सोमवारीच संपतात, तेव्हा शनिवार-रविवारी कोण बोलणार ते शुक्रवारीच लिहायचं. नाहीतर शुक्रवारी सोडायचंच नाही.

सोबत सुरक्षा योजनेचा कागद. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन यांच्या योजनेत सहा पायऱ्या आहेत. धोक्याची चाहूल, स्वतः करायचे उपाय, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येतील अशी जवळची माणसं, व्यावसायिक मदत, आणि घरातली घातक साधनं दूर करणं. शुभार्थीच्या स्वतःच्या शब्दांत लिहायचा. टीमने भरून हातात ठेवला तर तो डिस्चार्जच्या पिशवीतच राहतो. सहावी पायरी घरच्यांबरोबर करायची, कारण साठवलेल्या गोळ्यांचा डबा कुठे आहे हे त्यांना माहीत असतं. घरी एका वेळी आठवड्यापुरत्याच गोळ्या ठेवायच्या का, हे तेव्हाच मात्रांसारख्या फार्मासिस्टला विचारायचं.

उंबरठा

आणि समन्वयक रजेवर गेला तर?

मात्रा

कागदावर दोन नावं. दुसरं नाव अशा माणसाचं, ज्याला शुभार्थीने एकदा तरी पाहिलंय. आणि नंबर टेबलाचा द्या, माणसाचा नको. माणूस नोकरी सोडतो तेव्हा नंबरही घेऊन जातो.